श्रम, व्यायाम आणि स्मृती : वार्धक्यातील बोधनशक्तीविषयीच्या एका संशोधनाची मलकापूरच्या संदर्भात चिकित्सा

१

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, तिच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. वय वाढले की बुद्धी ओसरावयाचीच, आणि ती सर्वांची सारखीच ओसरावयाची, हा तो सिद्धान्त होय. घरातील वृद्ध माणूस वाट चुकू लागला, नातवंडांची नावे विसरू लागला, एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा सांगू लागला, म्हणजे ‘म्हातारचळ’ एवढा एक शब्द उच्चारून घरची माणसे तो विषय मिटवितात. म्हणीने निदान केले की उपचाराचा प्रश्नच उरत नाही.

गेल्या काही दशकांतील संशोधनाने या सिद्धान्ताचा पाया ढासळविला आहे. स्मरण, अवधान, भाषा, दिशाज्ञान आणि निर्णय या शक्तींच्या समुच्चयास प्रस्तुत लेखात ‘बोधनशक्ती’ असे म्हटले आहे. या शक्तीचा रोगजन्य ऱ्हास, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हा वार्धक्याचा अटळ परिणाम नव्हे. तो काहींस गाठतो, काहींस गाठत नाही. आणि कोणास गाठतो हे बऱ्याच अंशी त्या माणसाने कोणत्या परिस्थितीत आयुष्य काढले यावर अवलंबून असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आढळते. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. म्हणजे साठी सर्वांना येते. परंतु ती सर्वांना सारखीच येत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता अथवा लांबविता येईल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, दूषित हवा, एकाकीपणा आणि व्यायामाचा अभाव ही त्यांपैकी काही कारणे होत. यांतील शेवटच्या कारणाभोवती एक स्वतंत्र संशोधनशाखाच उभी राहिली आहे. लोकवस्तीतच व्यायामाचे उपक्रम चालवून तेथील वृद्धांच्या बोधनशक्तीचे रक्षण करावे, हा तिचा उद्देश. या शाखेतील विशेष लक्षणीय काम अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये झाले आहे. त्या कामाची पद्धती बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरसारख्या गावी आणावयाची झाल्यास तीत काय टिकेल आणि काय गळून पडेल, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

कृष्णवर्णीय अमेरिकनांची निवड संशोधकांनी का केली, हे प्रथम पाहिले पाहिजे. तेथील गौरवर्णीय वृद्धांच्या मानाने कृष्णवर्णीय वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट मानले जाते. याचे कारण त्यांच्या रक्तात शोधण्यापेक्षा त्यांच्या इतिहासात शोधणे अधिक सयुक्तिक ठरले आहे. निकृष्ट शाळा, वेगळ्या वस्त्या, कष्टाची व असुरक्षित कामे, वेळेवर न मिळणारे औषधपाणी आणि आयुष्यभर सोसलेला अपमान यांचा हिशेब शेवटी मेंदूच्या पेशींतही मांडला जातो.

या इतिहासात वैद्यकशास्त्रही निर्दोष नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक निरीक्षण चालू होते. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश झालेला होता. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही रोगाची वाटचाल पाहता यावी म्हणून त्यांना तो देण्यात आला नाही. अशा समाजात संशोधक कागद-पेन्सिल घेऊन गेला, तर दार लगेच उघडावे ही अपेक्षाच गैर ठरते. म्हणून व्यायामाचा उपक्रम लोकवस्तीत, लोकांच्या ओळखीच्या जागी आणि लोकांच्याच हाताने चालला पाहिजे, हा विचार तेथे सोय म्हणून आलेला नाही. तो विश्वासाच्या प्रश्नातून आलेला आहे.

मराठी वाचकास ही तुलना परकी वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यात १९४६ साली झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. तथापि सादृश्य म्हणजे एकरूपता नव्हे. वर्ण डोळ्यांना दिसतो; जात विचारावी लागते, आणि न विचारताही वस्तीवरून, आडनावावरून, कामावरून ओळखली जाते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

३

व्यायामाने बोधनशक्ती खरोखरच टिकते काय? या प्रश्नाचे उत्तर उत्साही लेखांत मिळते तितके सरळ नाही. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात एका गटास वर्षभर नियमित चालावयास लावले आणि दुसऱ्यास केवळ अंग ताणण्याचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित असलेला भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, सत्तर ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या १६३५ माणसांस दोन वर्षे व्यायाम देऊनही, केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या बोधनशक्तीत विशेष फरक दिसून आला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधील १२६० वृद्धांवरील प्रयोगाचे निष्कर्ष बाहेर आले. व्यायाम, आहार, बुद्धीला चालना आणि रक्तदाबादिकांवर लक्ष या सर्वांची एकत्र योजना केली असता तेथे लाभ झाला. अमेरिकेत २१११ व्यक्तींवर झालेल्या व २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात दोन्ही गटांची प्रगती झाली. मात्र ज्यांस नियोजनबद्ध कार्यक्रम आणि सोबत मिळाली त्यांची अधिक झाली.

या निष्कर्षांना एकत्र ठेवून पाहिले असता एवढे निश्चित म्हणता येते की, व्यायाम हा एकटा वीर नाही. तो सैन्यातील एक शिपाई आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या हिशेबातही व्यायामाच्या अभावाचा वाटा सुमारे दोन टक्के, तर एकाकीपणाचा आणि शिक्षणाच्या अभावाचा वाटा प्रत्येकी सुमारे पाच टक्के धरलेला आहे. तेव्हा ‘लोकवस्तीतील व्यायाम’ या शब्दसमूहात ‘व्यायाम’ हे विशेष्य असले, तरी बहुधा गुण ‘लोकवस्तीतील’ या विशेषणात आहे, असा संशय घेण्यास भरपूर जागा राहते.

४

हा संशय बळावतो तो ओरेगन राज्यातील पोर्टलँड शहरात झालेल्या उपक्रमाकडे पाहिल्यावर. तेथील विद्यापीठातील संशोधिका रेना क्रॉफ यांनी ‘शार्प’ या संक्षिप्त नावाने तो चालविला. पंचावन्न वर्षे व त्यावरील वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचे तिघातिघांचे गट करण्यात आले. प्रत्येक गटाने आठवड्यातून तीन वेळा सुमारे एक मैल चालावयाचे, असा सहा महिन्यांचा क्रम होता. चालण्याची वाट पोर्टलँडच्या ईशान्येकडील जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून जाई. हातातील लहान संगणकावर वाट दिसे आणि ठरावीक ठिकाणी पोहोचताच त्या जागेचे जुने छायाचित्र उमटे. त्याबरोबर एक प्रश्न येई, आणि चालणारे तिघे त्यावरून आपापल्या आठवणी सांगत पुढे जात.

या वाटांचे मोल कळावयास त्या वस्तीचा इतिहास ठाऊक असावा लागतो. त्या भागातील अनेक घरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रीडागृह, हमरस्ता आणि रुग्णालयाचा विस्तार यांसाठी पाडली गेली. जी उरली तेथे पुढे श्रीमंतांची वस्ती आली, आणि जुने रहिवासी भाडे परवडेनासे झाल्याने दूर गेले. म्हणजे या वृद्धांच्या स्मृतीला आधार देणाऱ्या खुणाच भोवतीच्या जगातून पुसल्या गेल्या होत्या. जेथे आज उपाहारगृह आहे तेथे कोणाचे केशकर्तनालय होते, हे तिघांपैकी एकाने सांगावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे, तिसऱ्याने हसावे, अशा रीतीने चालणे, बोलणे आणि आठवणे या तीन क्रिया एका धाग्यात ओवल्या गेल्या.

या उपक्रमाचा खरा गुण असा की, त्याने वृद्धांस रोगी मानले नाही, साक्षीदार मानले. तथापि शास्त्रीय कसोटीवर त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याचे प्राथमिक स्वरूप लहान होते, अवधी थोडा होता. आणि लाभ झाला तो चालण्याने, संगतीने की स्मरणाने, हे त्या रचनेतून वेगळे करता येत नव्हते. पिट्सबर्ग येथील एका प्रयोगाने ही अडचण ओळखली. तेथे वृद्ध आफ्रिकी-अमेरिकनांच्या एका गटास आफ्रिकी नृत्य शिकविण्याची आणि दुसऱ्या गटास आफ्रिकी संस्कृतीचे केवळ पाठ देण्याची योजना करण्यात आली. संस्कृती दोहोंकडे, नृत्य एकीकडेच. अशा तुलनेने शरीराच्या हालचालीचा वाटा निराळा काढता येतो. पोर्टलँडच्या उपक्रमात जिव्हाळा अधिक, पिट्सबर्गच्या रचनेत तर्कशुद्धता अधिक. आणि मलकापूरच्या संशोधकास दोहोंची गरज पडणार आहे.

५

मलकापूर हे वऱ्हाडच्या पश्चिम टोकाचे कापसाचे गाव. मुंबई–नागपूर लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या मुलखातून गेला आणि काळ्या जमिनीतील कापूस गाडीत भरून बाहेर जाऊ लागला. सरकी काढणे, गठाणी बांधणे, हमाली या कामांनी गावाचे रूप बदलले. भोवतालच्या शेतांत निंदण, डवरणी, फवारणी आणि वेचणी यांवर हजारो हात पोसले गेले. आज साठी ओलांडलेली येथील मजूर स्त्री बहुधा दहा-बारा वर्षांची असताना कापूस वेचावयास लागलेली असते. कमरेला ओटी बांधून, दिवसभर वाकून तिने जितके अंतर कापले असेल, त्यापुढे पोर्टलँडचा एक मैल म्हणजे काहीच नव्हे.

येथेच या संपूर्ण संशोधनशाखेस अडविणारा प्रश्न उभा राहतो. व्यायामाचा अभाव हे जर कारण, तर ज्यांच्या आयुष्यात शारीरिक कष्टांचा अभाव एक दिवसही नव्हता, त्यांची बोधनशक्ती अधिक टिकावयास हवी होती. परंतु स्मृतिभ्रंश खेड्यांत कमी नसून अधिक आहे, हे वर सांगितलेच आहे. डेन्मार्कमधील एका दीर्घकालीन निरीक्षणातून हेच वेगळ्या रीतीने दिसून आले. १९७० च्या दशकात ४७२१ पुरुषांच्या कामाचे स्वरूप नोंदवून पुढे अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बैठे काम करणाऱ्यांच्या मानाने जड शारीरिक काम करणाऱ्यांस स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक आढळला. फुरसतीच्या वेळी केलेली हालचाल शरीरास उपकारक ठरते आणि पोटासाठी केलेली तीच हालचाल तशी ठरत नाही, हा विरोधाभास इतर अभ्यासकांनीही नोंदविला आहे.

याचा अर्थ श्रम हेच रोगाचे मूळ, असा करणे उतावीळपणाचे होईल. जड काम करणाऱ्याच्या वाट्यास सहसा कमी शिक्षण, कमी अन्न आणि कमी औषधही येते. परंतु श्रम आणि व्यायाम या दोन वस्तू एकच नव्हेत, हे मात्र यातून निःसंशय सिद्ध होते. व्यायाम माणूस स्वतःच्या इच्छेने करतो, थकला की थांबतो, शरीरास विसावा देतो. श्रमास थांबण्याचा अधिकार नसतो. वेचणीच्या दिवसांत वजनावर मजुरी ठरते. पाठ दुखते म्हणून तराजू थांबत नाही. व्यायामाने हृदयाची गती काही काळ वाढते आणि मग खाली येते. तासन्‌तास वाकून वा ओझे वाहून राबणाऱ्या शरीरास ही उसंत मिळत नाही. स्नायू दोन्हीकडे हलतात. माणूस मात्र एकीकडे आपल्या शरीराचा धनी असतो, दुसरीकडे नसतो.

नगरपालिकांच्या उद्यानांत लोखंडी यंत्रे बसवून उभारलेल्या ‘खुल्या व्यायामशाळा’ महाराष्ट्रभर दिसतात. त्यांमागील हेतू चांगला आहे. परंतु त्यांतील गृहीत असे की, समोरच्या माणसापाशी हालचाल नाही, ती त्यास पुरवावयाची आहे. बैठ्या कामाच्या कारकुनास हे लागू पडते. आयुष्यभर गठाणी उचललेल्या हमालास पुन्हा लोखंड उचलावयास सांगणे म्हणजे तहानलेल्यास मीठ देण्यासारखे आहे. त्यास जे मिळाले नाही ते हालचाल नव्हे. ते म्हणजे रिकामा वेळ, सोबत आणि मान.

६

या प्रदेशास सामुदायिक व्यायामाची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. उलट ती फार मोठी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने उभे राहिले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातील गावोगावच्या आखाड्यांना या मंडळाने वळण लावले. याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ झाली, हेही त्याबरोबर आठवावे लागते. सामुदायिक व्यायामाचा ध्वज जगापुढे फडकविणाऱ्या गावातही ‘समुदाय’ या शब्दाची सीमा कोठे पडते, याविषयी झगडा चालू होता.

व्यायामास सामाजिक समतेशी जोडणारी एक धाराही महाराष्ट्रात होती. पुण्यात लहुजी साळवे यांच्या तालमीत महात्मा फुले यांनी शिक्षण घेतले, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आंबेडकरी चळवळीत समता सैनिक दल उभे राहिले. या धारेत शरीर कमावणे म्हणजे ताठ मानेने चालणे होय. तथापि या दोन्ही परंपरांची नजर तरुण पुरुषावर होती. आखाड्यात म्हातारा वस्ताद म्हणून असे. वस्ताद नसलेल्या म्हाताऱ्यास आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस तेथे बहुधा जागा नव्हती. व्यायामाचे प्रयोजन बल, शिस्त आणि राष्ट्र अथवा समाज यांचे संरक्षण हे होते. वृद्धाची स्मृती हे व्यायामाचे प्रयोजन होऊ शकते, ही कल्पना त्या काळी कोणासही सुचली नसावी.

पोर्टलँडच्या उपक्रमास अधिक जवळची परंपरा आखाड्याची नसून वारीची आहे. बुलढाणा जिल्ह्यातीलच शेगावहून पंढरपूरकडे पायी जाणारी पालखी हे तिचे थोर उदाहरण. तीत चालणे आहे, सोबत आहे, मुखोद्गत अभंगांच्या रूपाने अखंड स्मरण आहे. आणि वृद्ध तीत केवळ सामावलेला नाही, तर अग्रभागी आहे. ज्यांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला त्यांच्या वस्त्यांतही असा सामुदायिक प्रवास आहे. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी आणि डिसेंबरात दादरची चैत्यभूमी यांकडे जाणाऱ्या माणसांनी मलकापूरवरून धावणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. परंतु वारी वर्षातून एकदा येते आणि मेंदूचा ऱ्हास रोज होतो. वारीचे गुण आठवड्यातून तीन दिवसांच्या चालण्यात कसे आणावेत, हाच खरा संशोधनविषय होय.

७

पोर्टलँडची रचना जशीच्या तशी मलकापुरात आणल्यास तीन ठिकाणी ती अडखळेल.

पहिली अडचण वाटेची. ‘लोकवस्ती’ या शब्दाने संशोधक एका एकजीव समूहाची कल्पना करतो. वऱ्हाडातील गावांची जुनी रचना मात्र जातवार वस्त्यांची आहे. मलकापुरात मुस्लिम लोकवस्तीही मोठी आहे. गावातील प्रत्येक रस्ता प्रत्येकास सारखा आपला वाटत नाही. एका वृद्धास ज्या वेशीपाशी उत्सवाची आठवण होईल, त्याच वेशीपाशी दुसऱ्यास पायातली वहाण हातात घेतल्याची कुटुंबात ऐकलेली गोष्ट आठवेल. पोर्टलँडमध्ये तिघेही एकाच इतिहासाचे भागीदार होते. येथे तिघांची निवड कशी करावयाची, आणि कटू आठवण बोलून दाखविण्याइतका विश्वास त्यांच्यात आहे काय, हे आधी पाहावे लागेल. हा प्रश्न टाळून आखलेली ‘सर्वांसाठीची’ वाट बहुधा काहींचीच ठरेल. शिवाय मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात चालणे पहाटेच शक्य असते, आणि पहाटेची वेळ मजूर घरातील वृद्ध स्त्रीच्या हाती नसते; ती चुलीची आणि पाण्याची असते. कामाच्या हंगामाकडे पाठ फिरविणारे वेळापत्रक तिला वगळूनच सुरू होईल.

दुसरी अडचण छायाचित्राची. जुन्या वस्तीचे छायाचित्र सापडणे यासाठी कोणीतरी ती छायाचित्रित करण्याजोगी मानलेली असावी लागते. मलकापूरच्या मजूर कुटुंबांची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची छायाचित्रे किती निघतील? त्यांचे दप्तर कागदावर नाही. ते गळ्यात आहे. जात्यावरच्या ओव्या, भीमगीते, कव्वाली, शेतांची आणि पाणंदींची नावे, कोणत्या साली दुष्काळात कोणते काम निघाले याची गणना, हे या लोकांचे स्मृतिभांडार होय. १९७२ च्या दुष्काळातील रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांनी केलेल्या रस्त्यावरून चालताना त्यांस छायाचित्राची गरज पडणार नाही. पोर्टलँडकडून घ्यावयाचे ते यंत्र नव्हे. जागेला आठवणीशी जोडण्याची युक्ती घ्यावयाची.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण मोजमापाची. उपक्रमाने बोधनशक्ती टिकली की नाही, हे चाचण्यांवरून ठरते, आणि रूढ चाचण्या शाळेत गेलेल्या माणसास समोर ठेवून रचलेल्या आहेत. आजची तारीख सांगा, शंभरातून सात सात वजा करीत जा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा, अशा मागण्यांपुढे ज्या हाताने आयुष्यात कधी लेखणी धरली नाही तो हात थबकला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामस्थांसाठी तयार केलेली आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणी ही या बाबतीत मार्गदर्शक आहे. तिच्यात लेखन-वाचनावर अवलंबून असलेल्या बाबी बदलून त्या माणसाच्या अनुभवाशी जोडल्या गेल्या. मलकापुरात तारखेऐवजी तिथी, सण आणि आठवडी बाजार विचारावा लागेल. वजाबाकीऐवजी मजुरीचा हिशेब विचारावा लागेल. प्रश्नही प्रमाण मराठीत नव्हे, तर वऱ्हाडीत आणि गरज पडेल तेथे उर्दूत विचारावे लागतील. दोन भाषा वापरणे हे येथे दोष न मानता गुण मानले पाहिजे. हैदराबाद येथील ६४८ रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. आणि हा लाभ निरक्षरांसही मिळाल्याचे आढळले.

चुकीच्या मापाने दुहेरी अन्याय होतो. ज्या वृद्धेची बुद्धी शाबूत आहे तिच्यावर मंदतेचा शिक्का बसतो, आणि ज्या समाजाला शतकानुशतके ‘बुद्धी नाही’ असे हिणविले गेले त्याच्याविषयीचा तो जुना ग्रह शास्त्राची वस्त्रे लेवून परत येतो. उलट जिला खरोखर रोग जडला आहे तिची हाक ‘अडाणी आहे, तिला काय कळणार’ या समजुतीत विरून जाते. टस्कीगीत उपचार हाती असून दिला गेला नाही. येथे उपचाराची गरज ओळखलीच जाऊ नये, हा धोका त्याहून अधिक शांत, परंतु कमी क्रूर नाही.

८

वरील चिकित्सेतून या संशोधनशाखेविषयी नकारात्मक निष्कर्ष निघत नाही. लोकवस्तीतील व्यायामाचा उपक्रम मलकापुरास उपयोगी पडेल काय, याचे उत्तर होकारार्थीच संभवते. मात्र तो काय म्हणून दिला जातो यावर ते अवलंबून राहील. हालचालीची उणीव भरून काढण्यासाठी म्हणून तो आला, तर येथील कष्टकरी वृद्ध हसून बाजूला होतील, आणि संशोधक ‘सहभाग अपुरा’ अशी नोंद करून दोष त्यांच्या माथी मारील. श्रमाने जे हिरावून घेतले ते परत देण्यासाठी म्हणून तो आला, तर त्याचे स्वरूपच पालटेल. तेथे चालणे हळू असेल, बसणे वर्ज्य नसेल, गाणे आणि बोलणे ही चालण्याची सोय नसून त्याचे अर्धे अंग असेल. वस्तीतील विहार, मशीद, देऊळ अथवा पार येथून ते सुरू होईल. चालण्याच्या वेळेत बुडणाऱ्या कामाचा विचार योजनेच्या खर्चातच झालेला असेल. ऐकू कमी येणाऱ्यास श्रवणयंत्र आणि रक्तदाब असणाऱ्यास औषध त्याच दारातून मिळेल. कारण फिनलंडच्या प्रयोगाने दाखविल्याप्रमाणे लाभ सर्व उपायांच्या एकत्र येण्यात आहे.

अशा उपक्रमाची परीक्षा कठोरच असली पाहिजे. एका वस्तीत चालणे आणि आठवणे, दुसरीत बसून केवळ आठवणे, अशी पिट्सबर्गच्या धर्तीवरील तुलना मलकापूर आणि आसपासच्या गावांत करता येण्याजोगी आहे. अशी तुलना झाल्याखेरीज सद्‌भावनेस शास्त्र म्हणता येणार नाही. परंतु चाचणीचे प्रश्न ज्यांची परीक्षा घ्यावयाची त्यांच्याशी बसून ठरविल्याखेरीज त्या शास्त्रासही न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणीकडे पुन्हा वळून पाहिले असता तिच्यातील अन्याय आता अधिक स्पष्ट होतो. ‘नाठी’ म्हणजे नष्ट झालेली. वस्तू नष्ट झाली म्हणताना ती कोणी, कशी आणि कोणत्या किमतीवर नष्ट केली हे विचारावयाचे राहून जाते. पोर्टलँडच्या वृद्धांच्या आठवणींबरोबर त्यांची घरेही गेली होती. मलकापूरच्या वृद्धांची तर आठवणच कोणी लिहून ठेवली नव्हती. या दोन्ही ठिकाणी बुद्धीचे रक्षण करावयाचे म्हणजे पायांस चाल देणे एवढेच नव्हे. त्या पायांनी आजवर काय तुडविले, ते बोलून दाखविण्यास कान देणे हेही आहे. चालण्याचे अंतर सहज मोजता येते. ऐकण्याचे मोजमाप अवघड आहे. परंतु पुढील संशोधनाचे काम तेथूनच सुरू होते.